एका ध्वनिमुद्रणावर भागणार नाही

यानिस झेनाकिस या आधुनिक संगीतकाराच्या आघातवाद्यांसाठीच्या रचना रेकॉर्डिंगवर ऐकून ‘ती रचना ऐकली’ असं म्हणता येतं का, हा वाद आधुनिक संगीत ऐकणाऱ्यांमध्ये अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांना येऊन अडकतो. एक बाजू म्हणते की हे संगीत समोर बसूनच ऐकायचं असतं, रेकॉर्डिंगवर उरतो तो त्याचा सांगाडा. दुसरी बाजू सांगते की स्टुडिओत जी अचूकता साधते ती मंचावर साधणारच नाही, तेव्हा रेकॉर्डिंग हीच रचनेची शुद्ध प्रत. दोघांचं गृहीतक मात्र एकच आहे. रचना कुठेतरी एका जागी पूर्णपणे सापडते, फक्त ती जागा सभागृह की स्टुडिओ एवढंच ठरवायचं बाकी आहे, असं दोघेही मानून चालतात. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. या रचनांची ध्वनिमुद्रणं व्हायलाच हवीत, एकेका रचनेची अनेक व्हायला हवीत, आणि आपण वाद्यं कोणती निवडली, वादक कुठे उभे केले, तुकडे कुठे जोडले हे प्रत्येक ध्वनिमुद्रणाने श्रोत्याला उघडपणे सांगायला हवं. एकाच रेकॉर्डिंगवर भरवसा ठेवला तर ते दिशाभूल करतं. पाच शेजारी शेजारी ठेवली की रचना दिसू लागते.

झेनाकिस (1922–2001) ग्रीक. जन्म रोमानियातल्या ब्रायलाचा, तारुण्य अथेन्समध्ये. युद्धाच्या अखेरीस रस्त्यावरच्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा चेहरा फाटला आणि डावा डोळा गेला. 1947 साली तो पॅरिसला निसटला आणि पुढची बारा वर्षं वास्तुकार ल कोर्ब्युझिएच्या कचेरीत अभियंता म्हणून राबला. ला तूरेतच्या मठाच्या खिडक्यांची लयबद्ध मांडणी त्याची, चंदीगडच्या इमारतींच्या आराखड्यांनाही त्याचा हात लागलेला. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँकडे तो शिकायला गेला तेव्हा मेसियाँने त्याला हार्मनी-काउंटरपॉइंट या पारंपरिक पाश्चात्य स्वररचनेच्या शास्त्रांच्या फंदात न पडता आपलं गणित आणि स्थापत्यच संगीतात वापरण्याचा सल्ला दिला. आघातवाद्यांकडे तो गंभीरपणे वळला 1969 साली, ‘पर्सेफासा’पासून. मग ‘प्साफा’ (1975), ‘प्लेयाद’ (1978), ‘रबों’ (1987–89) आणि तीन जेंबे या आफ्रिकी ढोलांसाठीची ‘ओको’ (1989). ज्या वाद्यांना युरोपच्या वाद्यवृंदात शतकानुशतकं मागची रांग मिळाली, त्यांना या वीस वर्षांत त्याने अख्खा मंच दिला.

ध्वनिमुद्रणाच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा ‘पर्सेफासा’ हाच आहे, आणि तो मी पुरता मान्य करतो. इराणमधल्या शिराझच्या कला महोत्सवासाठी लिहिलेली ही रचना पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांत स्त्रासबूरच्या सहा वादकांच्या संचाने पहिल्यांदा वाजवली. सहा वादक श्रोत्यांभोवती कडं करून उभे राहतात. ढोल, झांजा, घंटा, लाकडी आणि धातूच्या पट्ट्या, शिट्ट्या, एकमेकांवर घासायचे गोटे, असं सगळं त्यात आहे. शेवटच्या भागात आघात एका वादकाकडून पुढच्याकडे असा सरकत जातो की आवाज श्रोत्यांभोवती फिरू लागतो. त्यावर दुसऱ्या वाद्यांचं दुसरं चक्र उलट दिशेने सुरू होतं, मग तिसरं, आणि लय चढतच जाते. घरातल्या दोन स्पीकरांतून हे ऐकलं तर वर्तुळाची सरळ रेघ होते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पाठीमागून अंगावर येणारा ढोल दोन स्पीकरांना दाखवताच येत नाही. रचनेची भूमितीच हरवत असेल तर काय उरलं, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

दुसरा मुद्दा शरीराचा. ‘प्साफा’ एकट्या वादकासाठी आहे. ती नेहमीच्या स्वरलेखनात लिहिलेली नाही. आलेखाच्या कागदासारख्या रेघांवर ठिपके आहेत, आणि काही ठिकाणी ते इतके दाट होतात की दोन हातांच्या माणसाने ते सगळे कसे गाठायचे हा प्रश्न वादकाने आपल्यापुरता सोडवायचा असतो. ‘रबों’च्या ‘बी’ भागात एक हात बाँगो या छोट्या ढोलांवरचं अखंड चलन सांभाळतो तेव्हा दुसरा खालच्या ढोलांवर वेगळंच काही बोलत असतो. समोर बसलेल्याला ती ओढाताण दिसते, वादकाचा दम लागलेला ऐकू येतो, चुकण्याची शक्यता हवेत असते. स्टुडिओत ती शक्यता कात्रीने कापून टाकता येते. या संगीतातला जोखमीचा अंश हा त्याच्या अर्थाचा भाग आहे, हे मला पटतं.

तिसरा मुद्दा आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. रेकॉर्डिंग प्रमाण होऊन बसतं. तीन मिनिटांच्या तबकडीत मावावं म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांनी जी बंदिश आखडून गायली, ती तशीच्या तशी, त्याच हरकतींसह गाणारे कितीतरी झाले. बालगंधर्वांच्या पदांचं तेच. तबकडीत आहे तशी जागा आली नाही तर श्रोता अस्वस्थ होतो. झेनाकिसबाबत हा धोका दुप्पट आहे, कारण ‘प्साफा’त त्याने वाद्यांची नावंच दिलेली नाहीत. काही गट लाकूड किंवा कातड्याचे, काही धातूचे, एवढंच सांगून निवड वादकावर सोडली आहे. एका गाजलेल्या रेकॉर्डिंगचा नाद पुढच्या पिढीच्या कानात बसला की ती मोकळीक कागदावरच राहणार.

एवढं सगळं मान्य करूनही ‘ध्वनिमुद्रण नको’ या निष्कर्षाला मी येत नाही, आणि त्याचं पहिलं कारण झेनाकिस स्वतः आहे. हा माणूस स्पीकरचा शत्रू नव्हता. 1958 साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातल्या फिलिप्सच्या मंडपाचे ते वळलेले पृष्ठभाग त्याच्या आखणीतून आले, आणि त्या मंडपात त्याची ‘कोंक्रे पीएच’ ही जळत्या कोळशाच्या तडतडीतून घडवलेली रचना शेकडो स्पीकरांवरून वाजली. त्याच पर्सेपोलिसमध्ये, जिथे 1969 साली सहा माणसं ढोल वाजवत होती, तिथे 1971 साली त्याने आठ मार्गिकांवर ध्वनिमुद्रित केलेली रचना रात्रीच्या अंधारात लावली. त्या रचनेत एकही वादक नव्हता. ज्याने फितीलाही अवकाश दिला, त्याच्या नावाने ‘यंत्रातून आलेला आवाज म्हणजे मेलेला आवाज’ असं म्हणणं त्याच्याच निम्म्या कामाला नाकारणं आहे. ‘पर्सेफासा’ला दोन स्पीकर पुरत नसतील तर सहा लावावेत. बहुमार्गी ध्वनिमुद्रणाचं तंत्र केव्हाचं आलेलं आहे. तक्रार खरी आहे, पण ती स्टिरिओविरुद्धची आहे, ध्वनिमुद्रणाविरुद्धची नाही.

शिवाय प्रत्यक्ष प्रयोगात तरी ते वर्तुळ कुणाला पूर्ण मिळतं? तिसऱ्या वादकाच्या शेजारी बसलेल्याला तिसरा वादकच प्रामुख्याने ऐकू येतो. मधोमध बसलेल्या मोजक्या लोकांना जो समतोल मिळतो तो कडेच्या खुर्च्यांना मिळत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 2010 साली ‘पर्सेफासा’ तळ्यावर वाजवली गेली आणि श्रोते होड्यांत बसले होते. होडी सरकेल तसा आवाजाचा समतोल बदलत होता. म्हणून तो प्रयोग खोटा ठरतो का? प्रत्येक खुर्ची हा एक कोन असतो आणि मायक्रोफोनचा कोन हाही त्यांतलाच एक. फरक एवढाच की मायक्रोफोनचा कोन आपल्याला पुन्हा पुन्हा तपासता येतो.

हे ‘पुन्हा पुन्हा’ फार महत्त्वाचं आहे. पहिल्यांदा ऐकताना या संगीतातला मारा तेवढा जाणवतो. ‘प्साफा’तली लांबलेली शांतता, तिच्यानंतर येणारा एकच ठोका, धातूचा नाद किती उशिरा आणि कशासाठी राखून ठेवला आहे, हे तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात उलगडतं. प्रत्यक्ष प्रयोगाला चार वेळा जाण्याची सोय पॅरिस, स्त्रासबूर, न्यूयॉर्क अशा ठिकाणी राहणाऱ्यांना कदाचित असेल. मिरजेत किंवा नांदेडमध्ये तबला शिकणाऱ्या मुलीला ‘प्लेयाद’ समोर बसून ऐकायला कधी मिळणार? त्या रचनेला सहा वादक आणि सिक्सेन नावाचे सहा धातुवाद्यांचे संच लागतात. एकेका संचात 19 पट्ट्या, म्हणजे एकूण 114, आणि सहाही संच एकमेकांशी जुळू नयेत अशा बेताने घडवलेले. हे वाद्य दुकानात ठेवलेलं नसतं. ‘प्रत्यक्षच ऐका’ हा आग्रह शुद्धतेचा वाटतो, पण व्यवहारात तो दाराबाहेर उभ्या असलेल्यांना बाहेरच ठेवतो. संगीतकार एडगार वारेजची ‘आयोनिझासिओं’ ही बहुतांशी आघातवाद्यांची रचना 1933 साली न्यूयॉर्कला 13 वादकांनी पहिल्यांदा सादर केली, पण 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झापा नावाच्या शाळकरी मुलापर्यंत ती पोचली तबकडीवरूनच. पुढे रॉक संगीतात नाव कमावलेल्या त्या मुलाने जे संगीत केलं त्यात वारेजची सावली शेवटपर्यंत राहिली.

ध्वनिमुद्रण नसण्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. गायक भास्करबुवा बखले 1922 साली पुण्यात वारले. ग्रामोफोन भारतात येऊन वीस वर्षं उलटली होती. तरी त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब तर 1946 पर्यंत मुंबईत होते, आणि त्यांच्याही गाण्याची तबकडी आपल्या हाती नाही. मग त्यांची गायकी आपल्याला कुठून कळते? केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या ध्वनिमुद्रणांवरून. तिघांचं गाणं एकसारखं नाही. लयीशी असलेलं प्रत्येकाचं नातं निराळं, आवाजाचा लगाव निराळा. पण तिघांना पाठोपाठ ऐकताना त्यांच्यात जे सामायिक उरतं, तिथे खाँसाहेबांची चाहूल लागते. एकट्या केसरबाईंवरून ती लागली नसती. केसरबाईंचा अधिकार मोठा म्हणून नव्हे, तर तुलनेला दुसरं काही नसतं म्हणून, त्यांची प्रत्येक सवय आपण घराण्याच्या नावावर खपवली असती.

‘प्साफा’लाही हेच लागू पडतं. डेन्मार्कच्या गेर्ट मॉर्टेन्सेनचं रेकॉर्डिंग आणि अमेरिकेच्या स्टीव्हन शिकचं रेकॉर्डिंग एकामागून एक लावा. ठिपके तेच, पण वाद्यांची निवड प्रत्येकाची स्वतःची, त्यामुळे नाद वेगळा, वजन कुठे पडतं तेही वेगळं. एका मैफलीत श्रोत्याला एकच निवड ऐकू येते आणि तीच रचना वाटते. निवडीला जागा आहे हे त्याला कळणार कसं? अनुकरणाच्या धोक्यावरचा उतारा इथेच सापडतो. रेकॉर्डिंग एकच असेल तर त्याची मूर्ती होते. अनेक असतील तर विद्यार्थ्याला स्वतःचा निर्णय घ्यावाच लागतो.

याविरुद्ध एक दाखला आहे आणि तो महाराष्ट्रातूनच निघतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात 120 देशी ताल नोंदवले. त्या तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात आली, तिथे मेसियाँला ती सापडली, आणि ‘रागवर्धन’सारख्या तालाचे काळ घेऊन त्याने आपलं संगीत रचलं. ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ ही त्याची रचना 1941 च्या जानेवारीत जर्मनांनी चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीत पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्याच भागात देवगिरीहून निघालेले हे ताल आहेत. पुढे याच मेसियाँच्या वर्गात झेनाकिस बसला. आता विरोधक विचारू शकतो: शार्ङ्गदेवाच्या काळातलं वादन मेसियाँला ऐकता आलं असतं, तर कागदावरच्या लघु-गुरूंकडे इतक्या मोकळेपणाने पाहण्याची मुभा त्याला राहिली असती का? बहुधा नसती. ध्वनीच्या अभावाने कल्पनेला जागा मिळते, हे इतिहासात घडलेलं आहे आणि ते नाकारून चालणार नाही.

पण या हिशोबाची दुसरी बाजूही मांडू या. मेसियाँला लाभ झाला तो देवगिरीच्या वादकांचा नाद कायमचा बुजल्यामुळे. ते 120 ताल कुठल्या वाद्यावर, कुठल्या गतीत, कुठल्या हातांनी वाजत होते? हाताचा निकास कसा होता, समेवर येताना वादक काय करत होता? यातलं काहीही आपल्याजवळ नाही. आकडे उरले. एका प्रतिभावंताला त्या आकड्यांतून नवं काही सुचलं म्हणून झालेलं नुकसान लाभात जमा करता येत नाही. आणि झेनाकिसच्या बाबतीत तर तो धोकाच नाही. ‘प्साफा’ची मोकळीक लिखित पानातच आहे, तिला ध्वनीच्या अभावाची गरज नाही. रेकॉर्डिंग वीस झाली तरी ते पान एकविसाव्या वादकाला तितकंच मोकळं मिळतं.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे, म्हणजे स्टुडिओलाच अंतिम मानणाऱ्यांकडे वळायला हवं. त्यांचा आवडता दाखला जपानी वादक कुनिको हिच्या 2015 च्या रेकॉर्डिंगचा असतो. तिने ‘प्लेयाद’मधलं सहाही वादकांचं वादन एकटीने वाजवून, एकावर एक थर चढवून रचना उभी केली. सहा माणसांत होणारी किरकोळ मागे-पुढे तिथे नाही, सहाही हातांचा स्पर्श एकच. ऐकताना ते थक्क करणारं आहे आणि मी ते आवडीने ऐकतो. पण ‘आता खरी प्लेयाद मिळाली’ हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. ही रचना सहा वेगळ्या माणसांच्या जवळ येण्यावर आणि सुटण्यावर उभी आहे. कातड्याच्या वाद्यांच्या भागात सहाजण एकत्र असतात, मग एकेक जण निसटतो, लयींचं धुकं होतं आणि पुन्हा सगळे एका ठिकाणी येतात. एकत्र येण्याला अर्थ येतो तो सुटण्याचा धोका खरा असल्यामुळे. एकाच व्यक्तीचे सहा थर सुटतात ते ठरवूनच सुटतात. कुनिकोने हे लपवलेलं नाही, आणि तोच तिचा मोठेपणा. आपण काय केलं हे सांगितलेलं असल्यामुळे तिच्या रेकॉर्डिंगला एका धीट भाष्याचा मान द्यायला हवा. मूळ पाठाच्या जागी त्याला बसवू नये, इतकंच. स्त्रासबूरच्या संचाचं आणि स्वीडनच्या क्रुमाता संचाचं ‘प्लेयाद’ त्याच्या शेजारी ऐकलं की सिक्सेनच्या नादापासूनच फरक सुरू होतात.

आणि इथे आजची खरी अडचण समोर येते. तिच्याबद्दल या वादात कुणी फारसं बोलत नाही. पूर्वी तबकडीबरोबर, नंतर सीडीबरोबर एक पुस्तिका यायची. वादक कोण, वाद्यं कोणती, ध्वनिमुद्रण कुठल्या सभागृहात, कधी, हे तिच्यात छापलेलं असे. आता बहुतेक लोक स्ट्रीमिंगवर ऐकतात, आणि तिथे ‘प्साफा’ म्हणजे एक नाव, एक चित्र आणि लांबीचे मिनिट-सेकंद. वादकाने कुठली वाद्यं निवडली हा त्या रचनेचा अर्धा मजकूर आहे आणि तोच गायब आहे. ‘प्लेयाद’च्या चार भागांचा क्रम बदलता येतो, ‘रबों’चे ‘ए’ आणि ‘बी’ कुठल्याही क्रमाने वाजवता येतात. यादीत मात्र एकच क्रम ठोकून बसवलेला असतो आणि श्रोत्याला तो रचनाकाराचा वाटतो. भागांचे तुकडे सुटे होऊन भलत्याच संगीताच्या मध्ये वाजतात, हे तर रोजचंच. रेकॉर्डिंगमुळे रचना गोठते अशी तक्रार करणाऱ्यांनी आपला रोख इकडे वळवायला हवा, कारण माहिती खरवडून काढल्यावर कुठलंही ध्वनिमुद्रण प्रमाणाचा तोरा मिरवू लागतं.

म्हणून ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे, स्ट्रीमिंग सेवांकडे आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांकडे मागणी करायची ती नेमकी करावी. वाद्यांची यादी ध्वनिमुद्रणाला चिकटलेली असावी. वादकांच्या जागांचा नकाशा द्यावा. सलग वाजवलं की तुकडे जोडून, ते लिहावं. ‘पर्सेफासा’सारखी रचना निदान एका बहुमार्गी रूपात उपलब्ध असावी, म्हणजे ज्या महाविद्यालयाकडे किंवा संग्रहालयाकडे सहा स्पीकर आहेत त्यांना ती खोलीत गोल मांडता येईल. आपल्याकडच्या संगीत विभागांनाही हे जड नाही. सहा स्पीकर मिळवणं 114 पट्ट्या घडवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि पखवाज-तबल्याच्या विद्यार्थ्यांना त्या खोलीत बसवलं तर लयीविषयी जी चर्चा होईल ती कुठल्याही व्याख्यानापेक्षा भरीव असेल.

तोवर ज्यांना आज ऐकायचं आहे त्यांनी ‘रबों’च्या ‘ए’ भागापासून सुरुवात करावी. त्यात नुसते ढोल आहेत, आणि साध्या ठोक्यांमधून दाटी कशी वाढत जाते हे आपल्या कानाला लगेच उमगतं. मग ‘प्साफा’ दोन वादकांकडून, एकाच बैठकीत. त्यानंतर ‘प्लेयाद’, आधी स्त्रासबूरचं आणि मग कुनिकोचं. ‘पर्सेफासा’ शेवटी घ्यावी, शिक आणि त्याच्या ‘रेड फिश ब्लू फिश’ या संचाच्या 2006 च्या तीन सीडींच्या संग्रहातली, जमेल तितक्या मोठ्या आवाजात आणि शेवटच्या दहा मिनिटांत मध्ये न थांबता. दोन स्पीकरांतून येणारी ती सरळ रेघ वाकवून तिचं वर्तुळ करण्याचं काम ऐकणाऱ्याने करायचं आहे, आणि सहा वादक कुठे उभे आहेत हे आधी माहीत असेल तर ते जमतं.